रोज एक वीत

गल्लीत त्यांना सगळे पंपवाले म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण एकदा चिकटलेलं नाव निवृत्त होत नाही. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कुठे पुलाचा पाया खणला जाई, कुठे दहा मजली इमारतीचा, आणि त्या खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसून तो कोरडा ठेवायचा. बाकीचे लोक इमारत बांधत, हे तिच्या खालचं पाणी सांभाळत. उद्घाटनाला त्यांना कधी कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी ते गेले नसते, कारण तोवर ते पुढच्या खड्ड्यावर असत.

अशा माणसाच्या स्वतःच्या तळघरात पाणी भरलं, म्हटल्यावर गल्लीला हसू आलं तर त्यात गल्लीचं काय चुकलं?

पण हसण्यासारखं फारसं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी पंपवाल्यांची बायको गेली होती. ती शिवणकाम करायची, टेलरबाई म्हणून चार गल्ल्या तिला ओळखत. ती गेली तेव्हा पंपवाले रडले नाहीत, कोणावर चिडले नाहीत, आल्यागेल्याला पाणी विचारत राहिले. लोक म्हणाले, खंबीर आहेत हो. त्यांना स्वतःला मात्र माहीत होतं की यात खंबीर वगैरे काही नाही. आत काही हलतच नव्हतं, मग सावरायचं तरी काय? चहात साखर होती की नव्हती, हे त्यांना कप रिकामा झाल्यावरही सांगता येत नसे. सकाळी उठत, दाढी करत, पेपर उघडून बसत आणि तेच पान दुपारपर्यंत त्यांच्या मांडीवर असे.

वरच्या मजल्यावर लेक आणि जावई राहायचे. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले दोन दिवस घरी, पाच दिवस रस्त्यावर. लेकीला सातवा महिना होता. लहानपणी ती इतकी गुबगुबीत होती की बापाने तिला ठमी म्हणायला सुरुवात केली, ते अजून थांबलं नव्हतं.

आता घराची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच झालं. गच्चीवरचं पाणी खाली आणणारा एक पाइप मागच्या भिंतीवरून उतरत होता. त्याला पायथ्याशी एक कोपरा, म्हणजे वळणाचा तुकडा, होता. तो पाणी वळवून अंगणाच्या उतारावर, घरापासून लांब सोडायचा. बायको गेली त्याच आठवड्यात तो कोपरा तुटला. तेव्हापासून गच्चीचं सगळं पाणी धो धो करून थेट भिंतीच्या पायथ्याशी मुरत होतं. पंपवाले रोज सकाळी दात घासताना ते बघत. उद्या करू, असंही त्यांच्या मनात येत नसे. त्यांना दिसे, एवढंच. पुढे तळघराच्या भिंतीला मिठासारखी पांढरी पूड सुटली, तीही त्यांना दिसली. मग भिंतीच्या बरोबर निम्म्या उंचीवर एक आडवी रेघ उमटली आणि तळघराचं दार चौकटीत घासायला लागलं. बाहेरची ओली माती भिंतीला आत रेटते आहे, हे ओळखायला याहून जास्त काय लागतं? दुसऱ्याच्या घरी हे पाहिलं असतं तर त्यांनी मालकाला फैलावर घेतलं असतं. आपल्या घरी त्यांनी दाराला थोडा रंधा मारला आणि विषय मिटवला.

मग नऊ दिवस पाऊस लागला. दहाव्या दिवशी सकाळी ठमीने अंगणातून तळघराचं दार उघडलं आणि हाक मारली, "बाबा, खाली पाणीच पाणी आहे."

तळघराचा जिना अंगणातूनच उतरायचा. बारा पायऱ्या. पंपवाले टॉर्च घेऊन वरच्या चार पायऱ्या उतरले आणि पाचवीवर थांबले. पाणी कमरेइतकं होतं. दुसरं कोणीही आधी पाण्याकडे बघितलं असतं, यांनी समोरच्या लांब भिंतीवर टॉर्च मारली. आडव्या रेघेची आता भेग झाली होती, बोट जाईल एवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीला पोट आलं होतं. मग त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं. गार होतं, स्वच्छ होतं, तळाची फरशी दिसत होती. नळ फुटला असता तर टाकी रिकामी झाली असती, खिडकीतून आलं असतं तर गढूळ असतं. हे फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून वर आलेलं जमिनीचं पाणी होतं.

ठमी मागून वाकून बघत होती. तिला मात्र ना भेग दिसली, ना पोट. तिला दिसल्या डावीकडच्या तीन फळ्या. तळघर म्हणजे आईची कामाची खोली होती. कापायचं टेबल, मशीन आणि या फळ्या. सगळ्यात खालच्या फळीवर चिंध्या होत्या, त्या बुडाल्या होत्या. मधल्या आणि वरच्या फळीवर आईचे मापाचे कागद होते. खाकी कागदाचे कापून ठेवलेले आकार, कापडावर ठेवून कडेने खडू फिरवला की झालं. तीस वर्षांची गिऱ्हाईकं त्या कागदांत होती, एकावर एक रचलेली, उडू नयेत म्हणून वर जुनी इस्त्री ठेवलेली. ते सगळे कोरडे होते.

"लावा की पंप," ठमी म्हणाली. "तुमच्याकडे आहे ना. दोन तासांत निघेल."

"लावणार. पण रोज एकच वीत काढायचं."

"एक वीत? का म्हणून?"

"बाहेर माती भिजून गच्च झालीय. ती भिंतीला आत ढकलतेय. आतलं पाणी तिला बाहेर ढकलतंय. सध्या भिंत त्या पाण्याच्या आधारावर उभी आहे. आधार एकदम काढला तर बसलीच खाली. बाहेरचं पाणी उतरेल तसतसं आतलं उतरवायचं. आणि तोवर खाली कोणी जायचं नाही."

"मी नुसते कागद घेऊन येते. कमरेएवढं तर पाणी आहे."

"कोणी म्हणजे कोणी नाही. मीही नाही."

हा नियम त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता. त्यांच्या पहिल्या साइटवर एक वस्ताद होता, ज्याने त्यांना काम शिकवलं. एका दुपारी खड्ड्याच्या कडेला तडा गेलेला दिसला, सगळे वर आले आणि वस्तादाच्या लक्षात आलं की चपला खालीच राहिल्या. नव्या होत्या. एक मिनिट, म्हणून तो उतरला. चपला आणि वस्ताद दोन्ही काढायला पुढे दीड दिवस लागला. ठमीने ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तिच्यावर आता काही परिणाम होत नसे.

त्याच सकाळी पंपवाल्यांनी पाइपाला नवा कोपरा बसवला. दहा मिनिटांचं काम. मग भिंतीपासून हातभर लांब, बाहेरच्या मातीत एक जाळीचा पाइप ठोकला आणि त्यात दोरीला नट बांधून सोडला. नट पाण्याला टेकला की डुब्ब आवाज येतो, तिथे दोरीला गाठ मारायची. बाहेरचं पाणी किती उंच आहे ते असं कळतं. आतल्या पाण्याची खूण जिन्याच्या भिंतीवर करायची होती. पेन्सिल ओल्या भिंतीवर उठेना, तेव्हा शर्टाच्या खिशात हात घातला आणि हाताला बायकोचा शिंप्याचा खडू लागला. तो खिशात कधीपासून होता कोण जाणे. त्यांनी त्याने रेघ मारली. काही वाटलं नाही.

पुढचे सहा दिवस हेच चाललं. सकाळी दोरी सोडायची, पंप चालू करायचा, एक वीत पाणी काढायचं, पंप बंद, रेघ. दोन दिवस बरे गेले, दोन रेघा झाल्या. मग पुन्हा पाऊस आला, बाहेरचं पाणी चढलं आणि चार दिवस पंप लावलाच नाही. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं, तिथेच थांबलं.

ठमीचा धीर सुटत चालला होता. तिला सगळे कागद नकोच होते, एकच हवा होता. ती जन्मली तेव्हा आईने पहिल्या झबल्यासाठी कापलेला. वरच्या फळीवर, लहान मुलांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली. आई असती तर तिनेच झबलं शिवलं असतं, आई नाही तर निदान त्या कागदावरून आपण शिवू, असं तिने ठरवून ठेवलं होतं. रोज ती दारातून वाकून फळीकडे बघे. ओल वर चढत होती, गठ्ठ्याच्या कडा फुगायला लागल्या होत्या.

"त्यांना बुरशी लागेल बाबा."

"लागेल थोडी."

"आणि तुम्ही दोरी सोडत बसणार."

ते दोरी गुंडाळत होते, गुंडाळत राहिले.

"आईच्या हातचं एवढंच उरलंय तिथे. तुम्हाला काही वाटतं का हो?"

पंपवाल्यांनी या प्रश्नाचा खरोखरच विचार केला. लेकीने विचारलं होतं, तेव्हा उत्तर खरं द्यायला हवं होतं. त्यांनी आत चाचपून बघितलं आणि तिथे सांगण्यासारखं काही सापडलं नाही. ठमी जिना वाजवत वर निघून गेली.

सातव्या दिवशी सकाळी नट टेकला तो आणखी वर, बाहेरचं पाणी तळघराच्या फरशीपासून मोजलं तर खांद्यापर्यंत आलं होतं. रात्रभर पाऊस झाला होता. "आजही पंप नाही," त्यांनी वर ओरडून सांगितलं. मग ते बाहेर पडले. भिंतीबाहेर पायापर्यंत चर खणून, त्यात खडी आणि भोकांचे पाइप घालून जमिनीचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचं होतं, खरा इलाज तोच होता. मिस्त्री ठरला होता, पाइप आणायचे होते.

दुपारी दोनच्या सुमारास पाइप घेऊन टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि पंपवाल्यांना त्यांच्या पंपाचा आवाज आला. ज्याने चौतीस वर्षं पंप ऐकले, त्याला आवाजावरून सगळं कळतं. पंप पाणी ओढत नव्हता. घरघरत होता, हवा ओढत होता. म्हणजे ओढायला पाणी उरलं नव्हतं.

ते चालत्या टेम्पोतून उतरले आणि धावले. चौसष्टाव्या वर्षी माणूस जसा धावतो तसे धावले, पण धावले.

ठमीने पंप चालू केला होता. सुरू करण्याआधी त्यात पाणी कसं भरायचं, झडप कधी उघडायची, हे तिला अकराव्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं, आणि पोरगी एका दमात शिकली म्हणून तेव्हा साइटवर कौतुकाने सांगतही फिरले होते. दुसऱ्या कोणाच्या मुलीला हे जमलं नसतं. त्यांनी पंप बंद केला. शांत झालं, आणि त्या शांततेत तळघरातून आवाज यायला लागला. टिक. मग थोड्या वेळाने टिक, टिक. सिमेंटचे कपचे फरशीवर पडत होते.

ठमी दाराशी उभी होती. एक पाय पहिल्या पायरीवर. तिचा चेहरा खुलला होता. "बघा," ती म्हणाली, "सगळं कोरडं झालं. काहीसुद्धा झालं नाही."

त्यांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि आत बघितलं. भेगेत आता मूठ गेली असती. भिंतीचं पोट वीतभर पुढे आलं होतं आणि भेगेतून पाण्याची बारीक धार जोरात टेबलापर्यंत येत होती. फरशी मधोमध वर उचलली गेली होती, त्यामुळे मशीन एका बाजूला कललं होतं. डावीकडे फळ्या जशाच्या तशा होत्या. वरच्या फळीवर गठ्ठा, त्यावर इस्त्री.

ठमीने आता भिंत पाहिली. तिचा रंग उडाला. पण ती बापाचीच मुलगी. "बाबा, बारा पायऱ्या आहेत. दोन मिनिटं."

"वस्तादाला एकच लागणार होतं."

हे ते बोलले खरे, पण त्यांचा स्वतःचा पाय पायरीवर गेला. मी जातो, असं मनात आलं. आपलं वय झालं, आत काही हलत नाही, गेलो तर गेलो, कागद तरी वर फेकता येईल. विचार असा साधा, सरळ आणि गार होता की त्यांना त्यात काही वावगंच वाटेना. दुसरी पायरी. तिसरी. मग मागे ठमीचा श्वास ऐकू आला, अगदी जवळून. ती मागोमाग उतरत होती. एका हाताने कठडा, एका हाताने पोट.

ते वळले आणि तिला घेऊन वर आले. दार उघडं ठेवलं. तिला अंगणाच्या पार टोकाला, भिंतीपासून लांब उभं केलं.

मग त्यांनी जे केलं ते शेजारच्या मास्तरीणबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि त्यांना वाटलं, पंपवाल्यांचं डोकं फिरलं. त्यांनी पंपाचा ओढायचा पाइप तळघरातून बाहेर काढला आणि घरासमोरच्या तुडुंब नाल्यात टाकला. सोडायचा पाइप नाल्यातून काढला आणि तळघराच्या जिन्यावर ठेवला.

ठमीला कळायला क्षणभर लागला. "पाणी सोडताय? आत?"

"हो."

"कागद आहेत आत."

"आहेत."

"बाबा, नका ना."

"बाहेर खांद्यापर्यंत पाणी आहे. तेवढं आत भरलं तर भिंत राहील. भिंत गेली तर तुझा मजला खाली येईल." एवढं बोलून त्यांनी पंप सुरू केला.

नाल्याचं तांबडं पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं. भिंतीवर थेट आदळू नये म्हणून त्यांनी पाइपाचं तोंड जिन्याच्या कोपऱ्यात वळवून दगडाने दाबलं होतं. आता करण्यासारखं काही नव्हतं. ते दाराच्या चौकटीजवळ उभे राहिले. सांगितलेलं न ऐकता ठमीही येऊन शेजारी उभी राहिली. पाणी फरशीवर पसरलं, मशीनच्या पायांशी चढलं. पाऊण तासाने चिंध्यांची फळी गेली. धार बारीक झाली होती. टिकटिक अजून होती.

पाणी मधल्या फळीला टेकलं तेव्हा ते बोलायला लागले. पंपाच्या आवाजात ठमीला आधी वाटलं, ते काहीतरी मोजतायत.

"डावीकडून. पोस्टातल्या बाई, छाती अडतीस, डावा खांदा एक इंच उतरता. त्यांना सांगायचं नाही, नुसतं पॅड लावायचं. त्यांच्या खाली बँकेतल्या मोठ्या मॅडम, दर वर्षी कमरेला अर्धा इंच, कागद तोच, कडेला पट्टी चिकटवलेली. मग दोघी बहिणी. दोघींना एकच कागद, धाकटीसाठी खालून दुमडायचा. भांडल्या तेव्हा मोठी म्हणाली, माझा कागद वेगळा करा. केला नाही. दुमडच उलगडून दाखवली."

"तुम्हाला हे कसं माहीत?" ठमीने विचारलं.

"आकडे मी लिहायचो. ती वहीतून वाचायची आणि रेघा मारायची, मी प्रत्येक कागदावर माप घालायचो. जेवणं झाल्यावर. तू वर अभ्यास करायचीस."

"रोज?"

"कामावरून आलो की रोज. तीस वर्षं." मग ते पुन्हा फळीकडे वळले. "नर्सबाई, बाही नेहमी कोपराच्या वर. दूधवाल्याची आई, गळा बंद..."

कागद फुगले, कडा पाण्यावर हलल्या आणि इस्त्रीच्या वजनाने तिथेच खाली गेले. एकामागून एक माणसं ते सांगत होते, त्यांच्या आवाजात काही चढउतार नव्हता. ठमीने त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी तो सोडवला नाही, दाबलाही नाही. पाणी वरच्या फळीशी आलं. "लहान मुलं," ते म्हणाले. "मास्तरीणबाईंचे जुळे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची मुलगी, तिला दोन महिन्यांत कागद लहान झाला." आणि थोडं थांबून, "सगळ्यात खाली तुझा."

"माहीत आहे," ठमी म्हणाली.

इस्त्री बुडाली. त्यांनी जाऊन दोरी सोडली, आत आणि बाहेर पाणी एका उंचीला आलं होतं. पंप बंद केला. बराच वेळ कान देऊन उभे राहिले. टिकटिक थांबली होती. भिंत राहिली.

त्या संध्याकाळी दोघं अंगणात बसले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. चहा झाल्यावर पंपवाले म्हणाले, "पाइपाचा कोपरा आठ महिने तुटलेला होता. म्हणून हे झालं. मी रोज बघत होतो."

ठमी कपात बघत होती. "मीही बघत होते," ती म्हणाली. "वरून दिसतो ना."

पाऊस उघडला. मिस्त्रीने चर खणला, खडी पसरली, भोकांचे पाइप उताराने टाकले आणि चराच्या शेवटी एक खोल खड्डा बांधला. त्यात आपोआप चालणारा छोटा पंप बसवला. अंगणाची माती घरापासून बाहेर उतरती केली. बाहेरचं पाणी दिवसागणिक उतरायला लागलं, तशी आतल्या पाण्याची रोज एक वीत. आता खडू ठमीच्या हातात असे. ती रेघ मारी आणि खाली तारीख घाली, बापाहून नीट. सातव्या दिवशी फरशी दिसली. बाहेर दोरी सोडली तर नट पाण्याला टेकलाच नाही. मिस्त्रीने वरूनच लोखंडी टेकू सरकवत भिंतीला धीर दिला, आणि त्याने मान हलवल्यावर मग पंपवाले पहिल्यांदा बाराही पायऱ्या उतरले.

कागदांचा एकच ठोकळा झाला होता. नखाने पापुद्रा सुटतो का पाहिलं, बोटाला लगदा आला. इस्त्री वर चिकटून बसली होती. त्यांनी ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, वर आणला आणि उन्हात ठेवला. तो वाळला की टाकू, असं म्हणाले. टाकला नाही.

एका रविवारी जावई घरी असताना ठमी खाली आली, जेवणाचं टेबल पुसलं आणि त्यावर खाकी कागद अंथरला. "सांगा आकडे," ती म्हणाली. "तुम्ही लिहिले होते ना माझ्या कागदावर?"

"लिहिले होते." त्यांनी खिशातून खडू काढला. आकडे त्यांना आठवावे लागले नाहीत. उंची अकरा. छाती अठरा, शिवणीला धरून वीस. बाही चार. ते पट्टी लावून रेघा मारत गेले. आयुष्यभर खड्ड्यांच्या आखण्या केलेला हात होता, काटकोन अगदी काटकोनात आले. जावई म्हणाला, "वा, बाबा तर पक्के टेलर निघाले." खांदा झाला, काख झाली. खडू गळ्यापाशी आला आणि थांबला.

"गळा किती?" ठमीने विचारलं.

ते कागदाकडे बघत राहिले. "गळ्याला आकडा नव्हता. तो ती नुसता हाताने काढायची."

"कसा काढायची?"

त्यांना बायकोचा हात आठवला, बांगडी मागे सारलेली, खडू चिमटीत. खांद्यापाशी खडू टेकायचा. आणि पुढे त्यांना काहीच दिसेना. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असत, गळा यायचा तेव्हा लिहायला आकडा नसे, म्हणून तेवढ्या वेळात ते खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत. तीस वर्षं रोज. मान वर करेपर्यंत गळा काढून झालेला असे.

"मी बघितलंच नाही, ठमे," ते म्हणाले. "मी पेन्सिलीला टोक करत होतो."

आणि तेव्हा ते दुखलं. आठ महिने जिथे काही नव्हतं तिथे, बरगड्यांच्या खाली, इतकं दुखलं की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. बायको गेली होती. ती आता कुठेच नव्हती. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. जावई पाणी आणायला उठला, ठमीने त्याला खुणेने बसवलं.

बऱ्याच वेळाने तिने त्यांच्या बोटांतून खडू काढून घेतला. खांद्याच्या टोकाला टेकवला आणि एक बाक काढला. तो वाकडा आला. तिने फडक्याने पुसून पुन्हा काढला.

"खोल झाला का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "परत काढ. मी बघतोय."